सातेरीचा नाच, सूर्याचा दिगंश आणि चुकलेली सरासरी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात महाबळेश्वरच्या पठारावर एका मधपाळांकडे काचेच्या निरीक्षण पेटीत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, आठ माश्यांवर रंगाचे ठिपके दिले आणि सकाळी साडेसात ते साडेअकरा या वेळात फुलोऱ्याची दिशा इतर माश्यांना सांगणाऱ्या प्रत्येकीच्या नाचातल्या बारा-बारा धावांचे कोन मोजले. एकूण ९६ नोंदी. पेटीच्या बरोबर उत्तरेला हिरड्याची झाडं बहरात आहेत, माश्या तिकडेच जातात का हे तपासायचं होतं. कोनांवरून दिशा काढताना सूर्यासाठी तासाला १५ अंश अशी दुरुस्ती केलीत. एक्सेलने आठ माश्यांच्या दिशांची सरासरी १८०.७५ दिली, म्हणजे दक्षिण. दिशा एकीकडे एकवटल्या आहेत की चहूकडे विखुरल्या आहेत हे पाहणाऱ्या रेले टेस्टची पी-व्हॅल्यू मात्र जवळजवळ शून्य, म्हणजे दिशा एकवटलेल्या. मार्गदर्शक म्हणतात काय-स्क्वेअर करा. तुम्ही विचारताय, नेमकी कोणती टेस्ट लावू?

टेस्टचं नंतर बोलू. तुमच्या माश्यांनी चोख काम केलंय आणि मोजणीही चांगली आहे. गडबड मधल्या दोन पायऱ्यांवर झाली आहे, आणि त्यातली एक कोणतीही टेस्ट पकडू शकली नसती.

सोपी चूक आधी. तुमच्या आठ दिशा वेळेच्या क्रमाने अशा आहेत: ३३१, ३४०, ३५२, ३५८, ५, १२, २०, २८. होकायंत्र डोळ्यांसमोर आणा. सगळ्या उत्तरेच्या दोन्ही बाजूंना चिकटून आहेत. पण एक्सेलला ३५८ आणि ५ हे शेजारी आहेत हे कळत नाही, त्याच्या लेखी ते संख्यारेषेची दोन टोकं. म्हणून बेरीज १४४६, भागिले ८, उत्तर १८०.७५. नेमकं पाठीमागे.

कोनांची सरासरी काढायची तर प्रत्येक दिशा हे एक पाऊल समजा. ३३१ अंशाकडे एक पाऊल, तिथून ३४० कडे एक पाऊल, अशी आठ पावलं टाकली की आरंभबिंदूपासून शेवटच्या जागेची दिशा ती सरासरी. कोज्यांची, म्हणजे कोसाइनची, बेरीज करा, ज्यांची म्हणजे साइनची बेरीज करा. तुमच्या आकड्यांत त्या ७.६० आणि ०.११ येतात, त्यावरून दिशा निघते ०.८ अंश, आणि आठ पावलांत तुम्ही ७.६ पावलं दूर पोचलात म्हणून सरासरी सदिशाची, म्हणजे व्हेक्टरची, लांबी ०.९५. ही लांबी शून्य ते एकच्या दरम्यान असते. सगळ्या एकाच दिशेला गेल्या तर एक, चहूकडे विखुरल्या तर शून्याजवळ. एक्सेलमध्ये हे करताना दोन खड्डे आहेत. एक म्हणजे अंशांचं रेडियन करावं लागतं. दुसरं, त्यातलं ‘ए-टॅन-टू’ हे सूत्र आधी कोसाइनची बेरीज मागतं आणि मग साइनची, तर बहुतेक इतर भाषांत क्रम नेमका उलटा असतो. मी कित्येक प्रबंधांत या एका अदलाबदलीपायी उत्तरेची पूर्व झालेली पाहिली आहे. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्क्युलर’ पॅकेज वापरणार असाल तर कोन होकायंत्राचे आहेत हे त्याला सांगावं लागतं, नाहीतर ते गणिताच्या पुस्तकासारखं पूर्वेकडून सुरू करून उलट्या दिशेने मोजतं.

इथपर्यंत आलात की ०.८ अंश, लांबी ०.९५, हिरडा उत्तरेला, सगळं जुळलं असं वाटेल. इथेच थांबू नका.

तुम्ही मूळ कोनांचा तक्ता पाठवलात ते फार बरं केलंत. तो पाहिल्यावर मी जरा वेळ गप्पच बसलो. सकाळी साडेसातची माशी उभ्या रेषेपासून डावीकडे साधारण १०५ अंशांवर धावत होती. साडेअकराची १०८ वर. मधल्या सगळ्या १०२ ते १०८ मध्ये. म्हणजे चार तासांत पोळ्यावरचा नाच जवळजवळ तसाच होता, डावीकडे, आडव्या रेषेच्या किंचित खाली. आणि दिशा काढल्यावर मात्र त्याच माश्या ३३१ पासून २८ पर्यंत पसरल्या, तेही ओळीने, प्रत्येक उशिराची माशी आधीच्यापेक्षा घड्याळाच्या दिशेने पुढे. खरा विखुरलेपणा असा रांगेत उभा राहत नाही. हा तुमच्या दुरुस्तीतून आलेला आहे.

नाचाचा नियम कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला, त्या कामासाठी त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. उभ्या पोळ्यावर सरळ वर धाव म्हणजे सूर्याच्या दिशेने जा, वरपासून उजवीकडे ४० अंश म्हणजे सूर्याच्या उजवीकडे ४० अंश. सूर्याची दिशा म्हणजे त्याचा दिगंश, क्षितिजावर उत्तरेपासून मोजलेला कोन. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो हे खरं, पण ते त्याच्या तिरक्या वाटेवर. दिगंश त्या वेगाने सरकेलच असं नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात तर मुळीच नाही.

महाबळेश्वर १७.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १२ मेच्या आसपास तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवशी सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला, साधारण ७१ अंशांवर उगवतो आणि मग जवळपास सरळ उभा वर चढतो. साडेसातला दिगंश ७६.५. साडेनऊला साडेब्याऐंशी. साडेअकराला ८७. सहाच्या सूर्योदयापासून साडेपाच तासांत जेमतेम सोळा अंश. आणि पुढच्या दोनच तासांत तो माथ्यावरून पलीकडे उतरून दीड वाजता २७३ अंशांवर, म्हणजे पश्चिमेला पोचलेला असतो. सकाळभर जागचा हलत नाही आणि दुपारी एकदम पलीकडच्या अंगणात. (त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. त्या काळात दिगंश पूर्वेकडून उत्तरेमार्गे पश्चिमेला जातो, घड्याळाच्या उलट. हे लक्षात नसेल तर दुरुस्तीचं चिन्हच उलटं लागतं.)

तुम्ही साडेसातचा दिगंश बरोबर घेतलात आणि चार तासांत त्यात ६० अंश मिळवलेत. खरे मिळवायला हवे होते ११. शेवटच्या माशीला ४९ अंशांची चूक चिकटली, मधल्यांना त्या-त्या वेळेप्रमाणे कमी. प्रत्येक धावेची वेळ तुमच्या वहीत आहेच. नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या सौर गणकात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ घालून प्रत्येक नोंदीचा दिगंश नव्याने काढा. मी ढोबळ करून पाहिलं: आठही माश्या ३३१ ते ३३९ च्या आत येतात, सरासरी सुमारे ३३६ अंश. ५७ अंशांचा पसारा आठ अंशांवर आला, आणि दिशा उत्तरेवरून उत्तर-वायव्येला गेली.

आता पाहा, चुकीच्या दुरुस्तीनंतरही सदिशाची लांबी ०.९५ होती. रेले टेस्ट त्यावर खूश होती. लांबी फक्त एवढंच सांगते की नोंदी एकमेकींशी किती जुळतात, त्या खऱ्या दिशेशी जुळतात की नाही हे ती सांगू शकत नाही. आणि चुकीची सरासरी नेमकी तुमच्या अपेक्षेवर, उत्तरेवर येऊन बसली होती. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं की आपण तपासायचं थांबतो, म्हणून अशी चूक प्रबंधातून पुढे निघून जाते.

माझ्या सुरुवातीच्या एका हंगामात पेटीचं लाकडी स्टँड जांभ्याच्या ओबडधोबड खडकावर ठेवलं होतं. पावसाआधीच्या कामाची घाई, पेटी नुसत्या डोळ्यांनी सरळ दिसली म्हणून पुढे गेलो. चौकटीची कड म्हणजे उभी रेषा असं धरून दोन महिने व्हिडिओवर कोनमापक लावून कोन मोजले. लांबी छान, आलेख देखणे. शेवटच्या आठवड्यात एका गवंड्याने सहज ओळंबा लावून दाखवला. चौकट सहा अंश कलली होती. माशी गुरुत्वाकर्षणाची उभी रेषा पाळत होती आणि मी लाकडाची. स्टँड त्या काळात किती वेळा हललं याची नोंद नव्हती, त्यामुळे नुसते सहा अंश वजा करूनही भागलं नाही, हंगाम सोडून द्यावा लागला. तेव्हापासून काचेसमोर ओळंब्याचा दोरा प्रत्येक व्हिडिओच्या चौकटीत दिसलाच पाहिजे, असा नियम केला. दोऱ्यावर पांढरा रंग लावा, अंधाऱ्या पोळ्यासमोर नीट दिसतो. तुमच्या व्हिडिओत दोरा नसेल तर पेटी अजून जागेवर आहे तोवर जाऊन ओळंबा लावून या.

मोजणीतली आणखी एक गोष्ट. जवळच्या फुलोऱ्यासाठी नाचताना माशीच्या लागोपाठच्या धावा एकाच रेषेत नसतात. एक जरा डावीकडे झुकते, पुढची उजवीकडे, खरी दिशा दोहोंच्या मध्ये. अंतर वाढतं तशी ही फाक कमी होते. म्हणून धावा सलग आणि सम संख्येत घ्यायच्या. तुमच्या बारा आहेत, उत्तम. पण मधल्या अस्पष्ट धावा गाळून ‘चांगल्या’ बारा निवडल्या असतील तर डाव्या-उजव्यांचा समतोल बिघडतो. तेवढं तपासा.

आता संख्याशास्त्र. तुम्ही रेले टेस्ट ९६ नोंदींवर लावलीत. एका माशीच्या बारा धावा या बारा स्वतंत्र साक्षी नाहीत, एकाच साक्षीदाराने बारा वेळा सांगितलेली तीच गोष्ट आहे. फरक किती पडतो ते आकड्यात बघा. समजा सदिशाची लांबी फक्त ०.३ आहे, म्हणजे फारशी एकवाक्यता नाही. रेले टेस्टचा झेड म्हणजे नोंदींची संख्या गुणिले लांबीचा वर्ग. ९६ नोंदी धरल्या तर झेड ८.६४ आणि पी-व्हॅल्यू ०.०००२ च्या आसपास, लेखी भक्कम पुरावा. त्याच लांबीला आठ माश्या धरल्या तर झेड ०.७२, पी सुमारे ०.५, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. आठच माश्या असतील तर पाच टक्क्यांच्या पातळीला लांबी किमान ०.६ हवी, वीस असतील तर ०.३९ च्या आसपास पुरते. तेव्हा आधी प्रत्येक माशीची एक सरासरी दिशा काढा, तीही सदिशानेच, आणि मग आठ दिशांवर टेस्ट. माश्यांचे वैयक्तिक सदिश लहानमोठे असतील आणि तो फरक वाया घालवायचा नसेल तर मूर यांची १९८० ची सुधारित रेले टेस्ट आहे. तुमच्या बाबतीत तिची गरज नाही, प्रत्येक माशी आपल्या आपल्यात अगदी स्थिर आहे.

आठ माश्याही पूर्ण स्वतंत्र नाहीत, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. एकीचा नाच पाहून दुसरी त्याच झाडावर जाते आणि परत येऊन तोच नाच करते, नाचाचा उद्देशच तो. त्यामुळे तुमचा निष्कर्ष त्या एका वसाहतीबद्दल, त्या एका सकाळीबद्दल आहे. सातेरीबद्दल सर्वसाधारण बोलायचं तर पेट्या वाढवा, धावा वाढवून उपयोग नाही.

काय-स्क्वेअरबद्दल तुमच्या सरांशी माझा मतभेद आहे. त्यासाठी वर्तुळाचे आठ किंवा बारा कप्पे करून नोंदी त्यांत टाकाव्या लागतात. अंशापर्यंत मोजलेलं ‘उत्तर कप्पा’ एवढंच उरतं, कप्प्यांची सीमा पाच अंश सरकवली की उत्तर बदलतं, आणि आठ नोंदींत प्रत्येक कप्प्यात अपेक्षित संख्या जेमतेम एक किंवा त्याहूनही कमी. हे काम मुळातून वर्तुळासाठी बनवलेल्या पद्धतींनी करावं. प्राण्यांच्या दिशाज्ञानावर काम करणारे लोक बाट्शेलेट यांच्या १९८१ च्या ग्रंथाकडे वळतात, तो जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना झेपेल असा आहे. गणिताची बाजू पाहायची तर मुंबई विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलेले कांतिलाल मार्डिया यांनी १९७२ मध्ये दिशात्मक डेटावर लिहिलेला ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो.

पण मुळात रेले टेस्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते का? ती विचारते, ‘माश्या चहूकडे सारख्याच जात असत्या तर असा एकवट दिसला असता का?’ बहरात आलेल्या रानात सातेरीची वसाहत चहूकडे सारखी नाचते असं कोणालाच वाटत नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंय की दिशा हिरड्याशी जुळते का. इथे बरेच जण व्ही-टेस्ट सुचवतील, कारण तिच्यात अपेक्षित दिशा आधी सांगता येते. ती लावून बघा: अपेक्षित दिशा शून्य, मिळालेली ३३६, लांबी जवळजवळ एक. २४ अंशांचा फरक असूनही टेस्ट ठणठणीत ‘महत्त्वपूर्ण’ येईल. कारण तीही चहूकडे पसरण्याच्या कल्पनेलाच नाकारते, फक्त एका बाजूला कल ठेवून. ‘माश्या उत्तरेलाच जातात’ हे तिने सिद्ध होत नाही. छापील लेखांतही ही गल्लत भेटते.

तुम्हाला हवं आहे ते सरासरी दिशेचं ९५ टक्के विश्वास-अंतर, म्हणजे खरी सरासरी दिशा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा. दुरुस्त केलेल्या आठ दिशांवर ते साधारण ३३४ ते ३३९ अंश येतं. हिरडा शून्यावर आहे आणि शून्य त्यात बसत नाही. एक किलोमीटरवर २४ अंश म्हणजे सुमारे चारशे मीटर बाजूला. तेव्हा माझ्या मते तुमच्या माश्या त्या हिरड्यावर जात नव्हत्या. हिरड्याची दिशा पेटीजवळ उभं राहून जीपीएसने काढली होती की नकाशावर अंदाजाने, हे कळवा. अंदाजाने असेल तर आधी ती मोजून घ्या, आणि पुढच्या वेळी ती पेटी उघडण्याआधीच वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

साडेअकरानंतर तुम्ही थांबलात ते योग्यच झालं. मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत आपल्याच सातेरी, आग्या आणि फुलोरी या मधमाश्यांवर काम केलं. सूर्य माथ्यापासून दोन-तीन अंशांवर आला की माशीला दिगंश ठरवता येत नाही आणि नाच विस्कटतो, हे त्या काळच्या निरीक्षणांतून कळलं. १९९४ मध्ये डायर आणि डिकिन्सन यांनी दाखवलेली गोष्ट तर आपल्या मे महिन्याला फारच जवळची आहे. ज्या माश्यांना आयुष्यात फक्त दुपारनंतरचाच सूर्य दाखवला होता त्यांना ढगाळ सकाळी बाहेर सोडलं, तर त्या सूर्य दुपारच्या दिशेच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे असं धरून नाचल्या. सकाळभर एका बाजूला, दुपारी एकदम दुसऱ्या बाजूला, असा ढोबळ सूर्यमार्ग माशी जन्मतःच घेऊन येते आणि अनुभवाने तो स्थानिक सूर्याप्रमाणे घासूनपुसून घेते. महाबळेश्वरच्या मेमधला खरा सूर्य त्या ढोबळ मार्गाच्या किती जवळ आहे, ते वरच्या आकड्यांवरून दिसेलच. तुम्हाला पुढे पीएच.डी. करायची असेल तर या एका जागेवर रेंगाळण्यासारखं खूप आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की चाळकेवाडीच्या पठारावर चरणारी गुरं उत्तर-दक्षिण उभी राहतात का, हे मोजू का. २००८ मध्ये बेगाल आणि सहकाऱ्यांनी उपग्रह-चित्रांवरून तसा दावा केला होता, २०११ मध्ये हेर्ट आणि सहकाऱ्यांना तशाच चित्रांत तो कल आढळला नाही, आणि वाद पुढे चालू राहिला. मोजायचं तर गायीच्या चित्रात डोकं कुठलं हे कळत नसेल तेव्हा तिची रेषा मिळते, दिशा नाही. १० अंश आणि १९० अंश एकच. अशा नोंदींचे कोन दुप्पट करून सरासरी काढतात आणि उत्तर पुन्हा निम्मं करतात. पण खरं सांगू? ज्या पठारावर पवनचक्क्या उभारण्याइतका वारा आहे तिथे गुरं आधी वाऱ्याकडे बघून उभी राहतात. उतार, ऊन, पाणी, गुराख्याची हाळी, आणि एका कळपातली वीस जनावरं म्हणजे पुन्हा एकच साक्षीदार. वाऱ्याची दिशा प्रत्येक नोंदीसोबत लिहिता येणार असेल तरच हात घाला.

तूर्त माश्यांचंच पूर्ण करा. आठ दिशा नव्याने काढून पाठवा, मी पुन्हा पडताळून देतो. आणि पेटीपासून ३३६ अंशांची रेषा नकाशावर ओढून ते पान त्या मधपाळांना दाखवा. त्या बाजूला मेमध्ये कुठलं झाड फुलतं हे त्यांना बहुधा पाठ असेल.